ताशी नॉट, गाठ आणि मध्येच आलेली वांव

प्रश्न थोडक्यात असा. रोज सकाळी सामान्यज्ञानाचे चार-पाच प्रश्न घालून दिवसभर त्यांवर वाद घालणाऱ्या पणजीच्या हौशी मंडळींत परवा विचारले गेले: ‘एक जहाज ताशी २० नॉट वेगाने निघाले, तर २४० सागरी मैल जायला किती तास लागतील?’ उत्तर १२ तास, त्यावर दुमत नाही. पण एकाने शंका काढली की ‘ताशी नॉट’ म्हणणे बरोबर का? दुसऱ्याने विचारले, नॉटला मराठीत सरळ ‘गाठ’ का म्हणू नये? आणि त्याच दिवशी ‘एक फॅदम म्हणजे किती फूट?’ असाही प्रश्न होता (फॅदम हे दोर आणि समुद्राची खोली मोजायचे माप), त्यावर तिसऱ्याने ठोकून दिले की फॅदमला मराठी शब्दच नाही, आपल्याकडे समुद्राचे शब्द आले ते पोर्तुगीजांबरोबर.

पहिल्या शंकेचे उत्तर एका शब्दात: चूक. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल. ‘ताशी’ त्याच्या पोटात आहे. ‘ताशी २० नॉट’ म्हटले की अर्थ होतो, दर तासाला वेग २० नॉटने वाढतो आहे. असे जहाज १२ तासांनी २४० नॉटने पळत असेल. बातम्यांत, निवेदनांत, शाळेच्या वक्तृत्वस्पर्धांत सगळीकडे हे ऐकू येते, आणि हटकले की उत्तर ठरलेले: ‘जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनांतही तासाला इतके नॉट असे सापडते.’ सापडते, खरे आहे. त्या काळी नॉट हा शब्द सैलपणे अंतरालाही वापरत, म्हणून सापडते. आज १,८५२ मीटर हे सागरी मैलाचे माप १९२९ पासून आंतरराष्ट्रीय ठरलेले असताना तो सैलपणा उगाच कशाला मिरवायचा?

मनातल्या मनात किलोमीटर काढायचे तर नॉटची दुप्पट करा आणि तिचा दहावा हिस्सा वजा करा. २० नॉटचे ३६ येतात, खरे उत्तर ३७.०४. तीन टक्के कमी, पण तोंडी हिशेबाला चालते. वादळाला ‘चक्रीवादळ’ म्हणून नाव मिळते ते ३४ नॉटला, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास. हा आकडा असा अडनिडा का, हे पुन्हा पुन्हा विचारले जाते. कारण तो मुळात नॉटमध्ये ठरलेला आहे, किलोमीटर मागून चिकटवले आहेत.

आता गाठ. ही कल्पना मला आवडते, पण ती राबवू नका. वेग मोजायची जुनी रीत अशी: तळाला शिसे भरलेली त्रिकोणी फळी दोरीला बांधून जहाजाच्या मागच्या बाजूने पाण्यात टाकायची. फळी पाण्यात जवळजवळ एका जागी उभी राहते, जहाज पुढे जाते आणि दोरी रिळावरून सुटत जाते. २८ सेकंदांची वाळूची घटिका उलटी करायची, वाळू संपली की दोरी धरायची आणि तेवढ्या वेळात हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचे. दोन गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच. या अंतराचे एका सागरी मैलाशी जे प्रमाण, तेच २८ सेकंदांचे ३,६०० सेकंदांशी. म्हणून गाठींचा आकडा हाच ताशी सागरी मैलांचा आकडा. गुणाकार-भागाकार काही नको. ही गाठ म्हणजे अस्सल मराठीतली खूणगाठ! पण एककाला ‘खूणगाठ’ म्हणू लागलो तर ‘जहाज वीस खूणगाठींनी निघाले’ हे लग्नपत्रिकेत शोभेल. एककाचे नाव नॉटच राहू द्या. मीटरला आणि लिटरला आपण कुठे मराठी नाव दिले?

त्या फळीला इंग्रजीत ‘लॉग’, म्हणजे ओंडका. वेगाची नोंद करायची वही ती लॉगबुक, आणि तिथूनच संगणकावरचे लॉगिन. हे सगळ्या प्रश्नमंजूषांत येऊन गेले आहे, सोडून देऊ. पोर्तुगीजमध्ये त्या फळीला ‘बार्किन्या’ म्हणतात, म्हणजे होडुकले. हे मात्र गोव्यात बसून कोणी विचारलेले मी पाहिले नाही.

या रीतीत चुका होत त्या दोन ठिकाणी. घटिकेतली वाळू दमट झाली की हळू पडते. मग दोरी जास्त सुटते आणि वेग आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. आणि नवी दोरी भिजून आखडली की गाठी जवळ येतात. तेव्हाही वेग जास्तच दिसतो. म्हणून दोरी भिजवून, ताणून, मग मापायची असा दंडक. पण खरी गोम गाठींच्या अंतरात होती. जुन्या इंग्रज जहाजांवर ३० सेकंदांच्या घटिकेला ४२ फुटांवर गाठ मारत. त्याने वेग जास्त दिसतो, म्हणजे हिशेबातले जहाज खऱ्या जहाजाच्या पुढे धावते. खलाशांना ते पसंत होते, कारण किनारा ‘आला आला’ वाटून ते आधीच सावध होत. उलटी चूक झाली तर जहाज खडकावर आणि वही अजून समुद्रात.

आता ४२ फूटच का, आणि पुढे काही जण ४८ फुटांवर गेले ते का? ४२ म्हणजे सात फॅदम, ४८ म्हणजे आठ. दोरी फुटपट्टीने कोणी मापत नसे, ती फॅदमने मापत. नॉटचे आठ भाग करून त्या भागांनाही फॅदमच म्हणत. जुन्या नोंदवह्यांत तास, नॉट आणि फॅदम असे तीन रकाने असत. म्हणजे नॉटच्या आत फॅदम बसलेला आहे, आणि फॅदम म्हणजे आपली वांव. इथे मला थांबायचे आहे, कारण ‘मराठी शब्दच नाही’ हे वाक्य मला सहन झालेले नाही.

वांव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर. मूळ संस्कृत व्याम. अमरकोशात व्यामाची व्याख्या हीच आहे, पंजांसह पसरलेल्या बाहूंमधले तिरपे-आडवे अंतर. ज्याची उंची आणि व्याम सारखे त्याला न्यग्रोधपरिमंडल म्हणतात, आणि ते महापुरुषाचे लक्षण मानलेले आहे. व्यामाची वांव कशी झाली, यात कसलेही गूढ नाही. आरंभीच्या ‘व्य’चा ‘व’ होतो, जसा व्याघ्राचा वाघ. स्वरांमधल्या ‘म’चा अनुनासिक ‘व’ होतो: ग्राम-गांव, नाम-नांव, आमलक-आंवळा. दोन्ही नियम लावले की व्याम-वांव. पोर्तुगीज इथे यायच्या कितीतरी आधीचा हा संसार आहे.

आणि गंमत अशी, की इंग्रजी ‘फॅदम’चा मूळ अर्थही पसरलेले दोन हात, मिठी. पोर्तुगीज ‘ब्रासा’ ही ‘ब्रासु’पासून, म्हणजे बाहूपासून. जपानीत ‘हिरो’, तेही पसरलेले हात. जपानी बनावटीच्या काही मासेशोधक यंत्रांत खोलीचे एकक निवडायला मीटर, फूट, फॅदम यांच्याबरोबर स्पॅनिश ‘ब्रासा’ आणि हा ‘हिरो’ही दिलेला असतो. तेव्हा एकाने दुसऱ्याकडून उसने घ्यायची गरजच नाही. दोर हातात घेतला की माणूस तो छातीवरूनच मापतो.

मालवणपासून काणकोणपर्यंत दर्यावर जाणाऱ्याला विचारा: पाणी किती? तो दहा-बारा वांव सांगेल. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोरही वांवेने मोजतात. डाव्या हातात टोक, उजवा हात सरळ बाजूला, दोर छातीला टेकवून ताणलेला. झाली एक वांव. दोर ओघळू दिला, किंवा कंटाळून कोपर वाकले, की विसाव्या वांवेला पाच-सात फूट सहज कमी भरतात. शिवाय माणसाची वांव त्याच्या उंचीएवढी. साडेपाच फुटी माणसाच्या २० वांवा म्हणजे ११० फूट, सहा फुटी फॅदमने १२०. म्हणून मापणारा एकच ठेवायचा. दर्यावर दोन माणसांनी मिळून मोजलेला दोर कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

मासेशोधक यंत्राच्या पडद्यावरचे एककही आधी बघून घ्यावे. मीटर समजून वाचलेले दहा जर खरोखर फॅदम असतील तर खाली १८.३ मीटर पाणी आहे. ते निदान सुखाचे. फॅदम समजून वाचलेले दहा जर मीटर निघाले तर हिशेबातले आठ मीटर पाणी तिथे नाहीच. उथळ बारवर, म्हणजे नदीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या पट्ट्यावर, उदाहरणार्थ मांडवीच्या तोंडाशी आग्वादच्या वाळूवर, ही चूक एकदाच करता येते.

आता मंडळींतल्या एका विद्वानाची व्युत्पत्ती. त्यांच्या मते खोलीची वाव ही पाटणच्या ‘राणी की वाव’मधली वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, विहीर खोल, म्हणून खोलीचे माप. ऐकायला झकास आणि पूर्ण चूक. ती वाव ‘वापी’पासून आली, तिच्यात अनुनासिक असण्याचे कारणच नाही. आमच्या वांवेचा नाकातला उच्चार कोकणीत आजही ऐकू येतो आणि तो थेट व्यामातल्या ‘म’चा आहे. शिवाय वांव आडवी आहे. दोर मापा, जाळे मापा, झाडाचा घेर मापा; ती खोलीला लावली ती नंतर, दोर पाण्यात सोडला तेव्हा. कोश उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात, सिद्धान्त मांडायला त्याहून कमी, एवढाच याचा अर्थ.

हा घोटाळा व्हायला अंशतः आपले शुद्धलेखन जबाबदार आहे. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. नांव आणि नाव एक झाले, आता नावेचे नाव सांगताना संदर्भावरच भागवायचे. तसाच वांवेवरचा टिंब गेला आणि ती ‘वाव’ झाली. प्रमाण मराठीपुरता नियम सोयीचा असेल. पण जिथे तो उच्चार जिवंत आहे तिथेही टिंब पुसायचा हट्ट मला कळलेला नाही.

आणि याच वाटेने मी माझ्या लाडक्या मुद्द्यावर येतो. ‘सुधारणेला वाव आहे’, ‘शंकेला वाव नाही’ यातला वाव कोणता? तो ‘अवकाश’ या शब्दातून ओढून आणणारे आहेत, ‘वायू’तून आणणारेही आहेत. माझे मत, ती हीच वांव. हात पसरायला जागा, ती वांव. हात पसरता येईल एवढी मोकळीक, तो वाव. मापाचा शब्द मोकळिकीला लागणे मराठीला नवे नाही. इंग्रजांचा फॅदमही मापावरून ‘थांग लावणे’ या अर्थाला गेलाच.

नांगर टाकताना हे सगळ्यात नीट दिसते. पाच वांवा पाण्यात पाच वांवा दोर सोडला तर नांगर उभा ओढला जातो आणि सुटतो. तो आडवा ओढला जायला हवा, तरच त्याची फाळे चिखल धरतात. म्हणून दोर खोलीच्या पाचपट, वारा असेल तर सातपट. खोली मोजायची ती होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, नुसत्या पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. आणि ओहोटीला टाकला असेल तर भरतीचे पाणी मिळवायचे, आपल्याकडे उधाणाला साधारण २ मीटर. या जादा दोराला जी सैल जागा मिळते ती वाव नाही तर काय?

यावर आक्षेप ठरलेले आहेत. मापाची वांव स्त्रीलिंगी, मोकळिकीचा वाव पुल्लिंगी. मग? ‘वेळ झाला’ आणि ‘वेळ झाली’ दोन्ही चालतात, आणि अर्थागणिक लिंग बदललेले असते. दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: मोकळिकीच्या वावावर अनुस्वार कुठे आहे? कोशातली एक नोंद दाखवून हा वाद मिटवणाऱ्यांना एवढेच सांगणे, की मोडीत अनुस्वाराची हेळसांड किती असे ते एकदा कागद हातात घेऊन पाहावे. मूळ पत्रांत शोधा, जिथे दोरखंडाचा, गलबताचा, बंदराचा हिशेब आहे तिथे शोधा, आणि मग मला खोडा. ‘वायू’वाल्यांनी तसदी घेऊ नये.

प्रश्न घालणाऱ्यांनी उत्तरपत्रिका मात्र दुरुस्त करावी: वेग ‘२० नॉट’, आणि फॅदमच्या ओळीत ‘वांव, ६ फूट, १.८२८८ मीटर’.