नळीच्या मुखाशी पू आला, तर नळी काढावीच लागते का?

प्रश्न : माझे वडील दीड वर्षापासून घरीच पोटाचे डायलिसिस (पोटात बसवलेल्या नळीतून द्रावण आत सोडून व बाहेर काढून रक्त शुद्ध करणे) करतात. गेल्या आठवड्यात नळी जिथे त्वचेतून बाहेर येते तिथे पिवळसर पू दिसला. डॉक्टरांनी स्वॅब (पुवाचा नमुना) घेऊन गोळ्या सुरू केल्या आहेत. पिशवीतले द्रावण स्वच्छ आहे, पोटही दुखत नाही. परंतु ओळखीतील एका रुग्णाची नळी संसर्गामुळे काढावी लागली होती, त्यामुळे घरात सगळेच धास्तावले आहेत.

उत्तर : आपली धास्ती समजू शकते, पण आपण लिहिले आहे त्यावरून नळी लगेच काढण्याची वेळ आलेली दिसत नाही. याचा निर्णय संसर्ग कुठवर पोचला आहे, यावर ठरतो. तो मुखापाशीच, म्हणजे नळी त्वचेतून बाहेर येते तिथेच असेल, तर कल्चरच्या (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) अहवालानुसार निवडलेल्या अँटिबायोटिकने बहुतेक वेळा आटोक्यात येतो. गोळ्या सुरू करण्यापूर्वी स्वॅब घेतला असेल तर ते फार चांगले झाले, कारण औषध आधी घेतले गेले की जंतू कल्चरमध्ये उगवेलच असे नाही आणि मग पुढचे उपचार अंदाजाने करावे लागू शकतात. म्हणूनच घरात उरलेल्या गोळ्या स्वतःहून कधीही सुरू करू नयेत.

नळीच्या त्वचेखालील मार्गावर सूज, लाली किंवा दाबल्यावर दुखरेपणा आढळला, तर संसर्ग आत सरकल्याची शंका घ्यावी लागते. काही वेळा बाहेरून काहीच दिसत नाही आणि सोनोग्राफीतच तो कळतो. अशा वेळी, तसेच स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा सुडोमोनास हे चिवट जंतू आढळल्यास, डॉक्टर अधिक सावधपणे लक्ष ठेवतात व उपचार लांबवू शकतात. औषधांनी भागले नाही, तरी उदरावरण (पोटाच्या आतले पातळ अस्तर) निरोगी असेल तर एकाच शस्त्रक्रियेत जुनी नळी काढून नवी घालता येते, किंवा मुखाची जागा बदलता येते. मुखाशी आणि उदरावरणात एकच जंतू सापडला, तर मात्र नळी काढणेच सहसा श्रेयस्कर असते, कारण नळी राहिली की जंतूंना आसराही राहतो. आपल्या ओळखीच्या रुग्णाच्या बाबतीत असेच काही घडले असू शकेल. केवळ मुखाशी पू असलेल्या वडिलांची त्यांच्याशी तुलना करू नये.

आता रोजच्या काळजीविषयी. नळी पोटाला नीट चिकटवून ठेवावी. ती ओढली गेल्याने होणारी बारीक इजाच पुष्कळदा संसर्गाला वाट करून देते, आणि याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हात धुऊन कोरडे केल्याशिवाय मुखाला स्पर्श करू नये, खपली ओढून काढू नये, नळीजवळ कात्री वापरू नये. मलम लावायचे असल्यास डॉक्टरांनी सांगितलेलेच लावावे.

निचऱ्याचे द्रावण गढूळ दिसले, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डायलिसिस केंद्रात जावे, आणि ती गढूळ पिशवी ओतून न देता सोबत न्यावी. त्यातील पांढऱ्या पेशी मोजून व कल्चर करूनच उदरावरणाच्या दाहाचे निदान पक्के होते.