वाचकांचे प्रश्न : घर मालकीचे की भाडेपट्ट्याचे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून निवृत्तीच्या रकमेतून कोल्हापुरात फ्लॅट घ्यायचा विचार आहे. दोन फ्लॅट पसंत पडले आहेत. एक कळंब्याच्या बाजूला नव्या इमारतीत आणि दुसरा ताराबाई पार्क परिसरातील जुन्या इमारतीत. दुसऱ्याची किंमत आजूबाजूच्या दरापेक्षा बरीच कमी आहे. मात्र त्याच्या कागदपत्रांत जमीन एका खासगी मालकाकडून १ एप्रिल १९७१ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतल्याचा उल्लेख आहे. एजंट म्हणतात, ‘नव्याण्णव वर्षे म्हणजे मालकीच की! घरफाळा तुमच्या नावावर लागणार, खरेदीखत रजिस्टर होणार, आणखी काय पाहिजे?’ हे बरोबर आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बरोबर नाही, आणि संचकाराची (बयाण्याची) रक्कम देण्याआधी आपण विचारले हे फार चांगले केले. घरफाळ्याची पावती कर कोण भरतो एवढेच सांगते. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. खरेदीखत नोंदवले गेले म्हणूनही मालकी मिळत नाही, कारण विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच तो आपल्याला देऊ शकतो. त्याच्याकडे भाडेपट्ट्याचा उरलेला काळ असेल, तर दस्ताच्या माथ्यावर ‘खरेदीखत’ असे ठळक छापले असले तरी आपण विकत घेता ते बांधकाम आणि जमिनीवरील तेवढ्याच उरलेल्या वर्षांचा हक्क. १९७१ मध्ये सुरू झालेली ९९ वर्षे ३१ मार्च २०७० रोजी संपतात. आपल्या हयातीचा विचार केला तर हा काळ पुरेसा वाटेल. पण घर आपण मुलांसाठीही घेत असता, आणि जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी उभा राहील.

मालकीच्या जमिनीवरील फ्लॅटमध्ये सदनिकाधारकांची संस्था किंवा अपार्टमेंटचे सर्व धारक मिळून जमिनीचे धनी होतात आणि पुढचे निर्णय त्यांच्या हाती राहतात. भाडेपट्ट्यात जमिनीचा मूळ मालक कायम राहतो. त्याला ठरलेले भाडे द्यावे लागते, बहुतेक पट्ट्यांत हस्तांतरासाठी त्याची लेखी संमती लागते, आणि इमारत पाडून नवी बांधायची झाली तर त्याच्या सहीशिवाय पान हलत नाही. मुदत संपल्यावर काय, हे मुख्यतः करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते. करार त्याबाबत मुका असेल, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम पट्टेदाराला स्वतः उभारलेले बांधकाम काढून नेण्याची मुभा देतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटधारकाला या मुभेचा उपयोग काय, हे आपणच पाहावे.

म्हणून एजंटांकडून फ्लॅटच्या खरेदीखताची प्रत घेऊन थांबू नका. १९७१ चा मूळ नोंदणीकृत भाडेपट्टा मागा आणि तो स्वतः वाचा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकतो. त्यामुळे ‘जुना कागद आहे, रजिस्टर केलेला नाही’ असे उत्तर आले तर तेथूनच परत फिरावे. पट्ट्यात नूतनीकरणाचे कलम शब्दशः तपासा. ‘पट्टेदाराने मागणी केल्यास मुदत वाढवून द्यावी लागेल’ आणि ‘मालकाच्या मर्जीने वाढवता येईल’ या दोन वाक्यांत आपल्या आयुष्याच्या पुंजीएवढे अंतर आहे. भाडे थकल्यास किंवा अटी मोडल्यास पट्टा रद्द करण्याचा अधिकार मालकाने राखून ठेवला आहे का, आणि इमारतीकडून आजपर्यंतचे भाडे भरले गेले आहे का, याच्या पावत्या पाहा. माझ्या अनुभवात ही थकबाकी सर्वात दुर्लक्षित राहते. रक्कम वर्षाला किरकोळ असल्यामुळे कोणीच ती भरत नाही आणि मालकाच्या वारसांच्या हाती आयते कारण सापडते.

दुसरा कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, आपल्याकडे सर्वजण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ती. तिच्या वरच्या भागात ‘धारणाधिकार’ किंवा ‘सत्ता प्रकार’ असा रकाना असतो, आणि शासनाला दिलेल्या आकारणीचा किंवा भाड्याचा तपशील असतो. त्याखाली ‘सुविधाधिकार’, ‘हक्काचा मूळ धारक’, ‘पट्टेदार’, ‘इतर भार’ आणि ‘इतर शेरे’ अशा ओळी येतात. बहुतेक लोक धारकाचे नाव वाचून पत्रिका घडी करून ठेवतात. ‘पट्टेदार’ या ओळीसमोर नाव आहे की ती रिकामी आहे, हे बोट ठेवून पाहावे. मात्र ती रिकामी आहे म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण जुने खासगी पट्टे पत्रिकेवर चढवलेले नसण्याची शक्यता असते. यासाठीच वकिलांकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मिळकतीचे जुने नोंदलेले व्यवहार तपासून दिलेला अहवाल, घ्यायचा. आपल्या बाबतीत तो १९७१ पर्यंत मागे न्यावा. कळंब्याच्या फ्लॅटसाठीही हीच तपासणी करा. इमारत नवी आहे म्हणून जमीन मालकीची असेलच असे नाही. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर जमिनीच्या हक्कासंबंधीचा वकिलांचा अहवाल तेथील संकेतस्थळावर वाचायला मिळतो.

भाडेपट्ट्याचे घर मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. तेथील सर्व सदनिकाधारकांनी एकत्र येऊन मालकाकडून जमिनीचे हक्क विकत घेतले तर पट्टा संपून मालकी त्यांच्याकडे येते. तशी बोलणी कागदावर सुरू असतील, तर आजच्या कमी किमतीत घेतलेला फ्लॅट पुढे लाभाचा ठरू शकतो. नुसत्या तोंडी आश्वासनावर मात्र मी आपल्याला हा फ्लॅट घेण्याचा सल्ला देणार नाही. आपल्याला कर्ज लागणार नाही, पण उद्या आपण किंवा आपल्या मुलांनी विकायला काढला तर समोरच्याला लागेल, आणि पट्ट्याची किती वर्षे शिल्लक आहेत हे बँक कर्ज देण्याआधी पाहते. वर्षे घटत जातात तसे गिऱ्हाईकही घटते.

प्रश्न : शहरालगत एका भूखंडाच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे आहे. ही जमीन भाडेपट्ट्याची समजायची का?
– एक वाचक, उचगाव

उत्तर : नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये भोगवटादार वर्ग १, भोगवटादार वर्ग २ आणि शासकीय पट्टेदार हे वेगवेगळे धारक आहेत. वर्ग २ चा धारक पट्टेदार नसतो, पण त्याला जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि विनापरवाना झालेल्या व्यवहाराचा फटका विकत घेणाऱ्याला बसतो. अशा अनेक जमिनी अधिमूल्य (शासनाला द्यायची ठरलेली रक्कम) भरून वर्ग १ मध्ये आणता येतात. त्यासाठी शासनाचे नियम आहेत. ते काम विकणाऱ्याने आधी पूर्ण करावे, वर्ग १ झाल्याचा फेरफार मंजूर व्हावा आणि मगच आपण पैसे द्यावेत. ‘साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) करू, वर्ग बदलला की खरेदी करू’ हा मार्ग टाळावा. सातबाऱ्यावर भूधारणा पद्धतीबरोबर ‘इतर अधिकार’ हा रकानाही वाचा. भोगवटादार म्हणून देवाचे नाव असेल किंवा देवस्थान इनामाचा उल्लेख असेल, तर प्रश्न निराळा आणि अधिक गंभीर आहे. कोल्हापूर जिल्ह्यात अशा जमिनी पुष्कळ आहेत. वहिवाट पिढ्यान् पिढ्यांची असली तरी वहिवाटदार त्या स्वतःच्या म्हणून विकू शकत नाही.

प्रश्न : मुलगी नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवरील सोसायटीत फ्लॅट घेत आहे. तिथे ६० वर्षांचा पट्टा आहे म्हणे. घाबरण्यासारखे आहे का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : घाबरण्यासारखे नाही. नवी मुंबई मुळात सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच उभी आहे. तेथे पट्टा देणारी सार्वजनिक संस्था असल्याने नोंदी सापडतात आणि हस्तांतराची पद्धत ठरलेली असते. तिने सोसायटीचा पट्टा कोणत्या वर्षापासूनचा आहे ते पाहावे, आणि सिडकोचे हस्तांतर शुल्क कोण भरणार हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. विकणारा स्वतः दुसरा किंवा तिसरा खरेदीदार असेल, तर त्याच्या आधीच्या प्रत्येक हस्तांतराला सिडकोची मान्यता होती का, याची पत्रे मागून घ्यावीत. मधली एखादी मान्यता राहून गेलेली असेल, तर ती मिळवण्याचा खर्च आणि खटाटोप शेवटच्या खरेदीदारावर येतो.