तुझ्या तक्त्यातले तीन देश मी खोडले आहेत

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आला आणि सोबतचा तक्ताही उघडून पाहिला. सव्वीस दिवसांत सहा देश! प्रत्येक दिवसाला एक ओळ, प्रत्येक ओळीत बसची वेळ आणि मुक्कामाचं भाडं. तक्ता फार नीटनेटका आहे आणि त्याचीच मला काळजी वाटली. त्यात एकही मोकळा दिवस नाही. युगांडा, रवांडा आणि झिंबाब्वे मी खोडले आहेत. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

तुझ्याकडे पैसे बेताचे आहेत हे मला माहीत आहे. पण आफ्रिकेत तिथल्या लोकांच्या बसने-रेल्वेने फिरायचं तर पैशांपेक्षा दिवस जास्त लागतात. पैसे कमी पडले तर माणूस भात-घेवड्यावर आठवडा काढतो. दिवस कमी पडले की मात्र घाई सुरू होते. मग एकटीने टॅक्सी करावी लागते, ऐन वेळी महागडं विमान पकडावं लागतं, नाही तर रात्रीच्या बसमध्ये बसावं लागतं. रात्रीची बस तर अजिबात नको. एका मुक्कामाचं भाडं वाचतं म्हणून तू ती तीनदा लिहिली आहेस. तिथे अंधारात, दिवे नसलेल्या ट्रकांमधून, झोप अनावर झालेला चालक गाडी हाकत असतो. उजेड असताना निघायचं आणि उजेड असताना पोचायचं. एवढं एक माझं ऐकच.

म्हणून नैरोबी ते लिव्हिंगस्टन एवढाच रस्ता ठेव. नैरोबीहून नामांगाची हद्द ओलांडून तंझानियातलं आरुषा, मोशी, मग दारेसलाम. दारेसलामहून टाझारा रेल्वेने झांबियातलं कपिरी म्पोशी. तिथून बसने लुसाका आणि शेवटी लिव्हिंगस्टन, तिथला व्हिक्टोरिया धबधबा. नववीत भिंतीवरच्या नकाशावर मी तुम्हाला पट्टीने दाखवली होती तीच ही रेघ. २०१७ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती स्वतः पार केली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आपली उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तिथला मोठा पावसाळा, मसिका. आरुषाच्या अलीकडे चिखलात रुतलेली बस आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलली होती. तू जूनमध्ये निघते आहेस ते चांगलं आहे. रस्ते कोरडे असतील.

आधी कागदपत्रांचं बघू. केनिया-युगांडा-रवांडाचा शंभर डॉलरचा एकत्रित व्हिसा तू धरला आहेस, पण तो तंझानियाला चालत नाही. तिथला वेगळा काढावा लागतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, कारण दाखला त्यानंतरच ग्राह्य धरतात. दाखल्याविना केनियातून मुंबईला उतरलीस तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घे आणि परत आल्यावरही सांगतील तितके दिवस चालू ठेव. घरी आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर आफ्रिकेत जाऊन आल्याचं डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग. आणि डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या घे. जुन्या छपाईची किंवा कोपरा फाटलेली नोट तिथे कुणी हातात धरत नाही.

आता वेळेचं. केनिया-तंझानियातल्या किस्वाहिली भाषेत दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सातला तिथे एक वाजतो आणि सकाळच्या सहाला बारा. मोशीत बसच्या माणसाने मला ‘सा कुमी ना म्बिली’ म्हणजे बारा वाजता ये असं सांगितलं. मी भर दुपारी पोचले, बस पहाटेच निघून गेली होती. चूक कुणाचीच नव्हती. तिथला सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे त्यांचा हिशेब अगदी सरळ आहे. आपल्या पंचांगातही दिवस सूर्योदयालाच सुरू होतो, नाही का? तो अख्खा दिवस मी स्टँडवर चहाच्या टपरीजवळच्या बाकावर काढला. चहा विकणाऱ्या बाईंनी मला शब्द शिकवले. गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’. चहाला ‘चाय’ आणि चपातीला ‘चपाती’च. शेकडो वर्षं वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांनी आपला पश्चिम किनारा आणि त्यांचा पूर्व किनारा जोडून ठेवला होता. वर्गात मी मोसमी वारे किती वेळा शिकवले असतील. त्या बाकावर ते पहिल्यांदा कानाने ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे स्टँडवर आले तर ढग यायच्या आधीचा किलिमांजारो समोर उभा होता, ५८९५ मीटर, माथ्यावर बर्फ. आदल्या दिवशीची बस मिळाली असती तर मी मोशी फक्त खिडकीतून पाहिली असती.

त्रास होणार आहे, तो लपवत नाही. मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली म्हणजे काय हे आपल्या जत्रेच्या जीपमध्ये बसलेल्याला कळेल. गुडघे समोरच्या पत्र्याला टेकतात, सॅक मांडीवर, पायाखाली कुणाच्या तरी कोंबड्या. लाल धूळ नाकात, कानात, भाकरीच्या घासातही जाते. स्वच्छतागृह म्हणजे बऱ्याचदा खड्डा आणि तीन बाजूंना पत्रा. टॉयलेट पेपर, साबणाची वडी, छोटी विजेरी हे सॅकच्या तळाशी नव्हे, वरच्या कप्प्यात ठेव. पाळीचं सामान पुरेसं इथूनच ने. पोट एकदा तरी बिघडेलच, तेव्हा ओआरएसची पाकिटं जवळ असू देत आणि त्या दिवशी प्रवास करू नकोस. मोकळे दिवस असतील तरच हे जमेल, म्हणून तर मी ते तीन देश खोडले!

एकदा अशाच मिनीबसमध्ये एक बाई उभी होती. तिने काही न विचारता आपलं दीडेक वर्षांचं मूल माझ्या मांडीवर ठेवलं आणि वरचा दांडा धरला. मूल माझ्या ओढणीचं टोक मुठीत घेऊन झोपलं. दोन तास मी पाय हलवला नाही. उतरताना तिने मूल उचललं, मूठ सोडवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. तुला जे थोडे दिवस सोसायचं आहे ते तिचं रोजचं जाणं-येणं आहे. कुरकुर करावीशी वाटली की बसमधल्या बाकीच्या माणसांकडे बघ.

टाझाराबद्दल मात्र मला सविस्तर लिहू दे. झांबियाला समुद्र नाही आणि त्याचं तांबं दक्षिणेकडे, ऱ्होडेशियातून म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून बाहेर जायचं. १९६५ मध्ये तिथल्या गोऱ्या अल्पसंख्याकांनी ब्रिटनला न जुमानता परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ती वाट धोक्याची झाली. तंझानियाचे अध्यक्ष न्येरेरे आणि झांबियाचे अध्यक्ष कौंडा यांनी पाश्चात्त्य देशांकडे रेल्वेसाठी पैसे मागितले, त्यांनी दिले नाहीत. अखेर चीनने बिनव्याजी कर्ज दिलं आणि १९७० ते १९७५ मध्ये डोंगर-दलदलीतून १८६० किलोमीटरचा मार्ग उभा राहिला. ही गाडी पर्यटकांसाठी नाही, तिथल्या लोकांची आहे. म्हणूनच तिने जा. गाडी त्या आठवड्यात सुटते आहे की नाही हे दारेसलामला पोचल्याबरोबर स्टेशनावर जाऊन स्वतः विचार. सुटत नसेल तर दिवसाच्या बसने झांबियाच्या वाटेवरच्या म्बेयाला जा. तो रस्ता मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या मधून जातो आणि नेहमीच्या तिकिटात खिडकीतून हत्ती, झेब्रे, जिराफ दिसतात.

पहिल्या वर्गाच्या डब्यात चार बर्थ. बायकांना बायकांसोबत जागा देतात. माझ्यासोबत एक म्हाताऱ्या आजी, त्यांची नात आणि कापडाचा व्यापार करणारी एक बाई होती. तिचे गठ्ठे बर्थखाली आणि आमच्या पायांत. आजींना मी ‘जाम्बो’ म्हटलं तर व्यापारीण बाईने मला थांबवलं. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं. ‘मी पाय धरते’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. मी शब्द म्हटला आणि सवयीने खाली वाकले. आजी ‘माराहाबा’ म्हणाल्या आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्यानंतर लुसाकापर्यंत मी त्यांचीच झाले. संध्याकाळी सेलू अभयारण्यातून जाताना त्यांनीच मला कोपराने ढोसून उठवलं. बाभळींच्या शेंड्यांवर मानांचा एक कळप, नऊ जिराफ, गाडीकडे बघत उभे.

दुसऱ्या दिवशी किलोम्बेरोच्या खोऱ्यातली भातखाचरं लागली आणि मला थेट आपलं कोकण आठवलं. म्लिम्बानंतर गाडी घाट चढते, बोगद्यामागून बोगदे येतात. मकाम्बाकोच्या बाजूला रात्री हाडं गोठतात, आफ्रिका म्हणजे उकाडा ही समजूत तिथे गळून पडते. एका लहानशा स्टेशनात गाडी बराच वेळ उभी होती. फलाटावर दिवा नव्हता, आणि दक्षिणेच्या आकाशात त्रिशंकूचा तारकासमूह इतका स्वच्छ होता की नात आणि मी बोटाने त्याची टोकं मोजली.

हद्दीवर पैसे बदलायला एक जण डब्यात चढला. माझ्यासमोर नोटा मोजून त्याने माझ्या हातात ठेवल्या. तो उतरल्यावर कळलं, नोटा दुमडून दोनदा मोजलेल्या होत्या, निम्मेच पैसे मिळाले. व्यापारीण बाईने मग मला शिकवलं. नोटा बर्थवर एकेक करून पसरायच्या, स्वतः मोजायच्या, तोवर आपले डॉलर मुठीतून सोडायचे नाहीत.

तू मांसाहार करत नाहीस, तरी उपाशी राहणार नाहीस. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा नावाची पालेभाजी. वाली-महारागे म्हणजे भात आणि घेवडा. झांबियात ‘इफिसाशी’ मागून बघ. पालेभाजीत दाण्याचं कूट घालून शिजवतात. पहिल्या घासाला मला माझ्या आईची आठवण आली होती.

आणखी एक सांगायचं आहे, ते मनावर घे. तिथे तुला ‘म्हिंदी’ म्हणजे भारतीय माणूस म्हणून ओळखतील आणि त्या शब्दामागे शंभर वर्षांचे बरे-वाईट अनुभव आहेत. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी जुनी रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांनी. त्यातले जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. दुकानदार म्हणून गेलेल्या आपल्या काही लोकांनी मात्र नोकरांना कसं वागवलं, हेही तिथे विसरलेले नाहीत. इथे काळ्या रंगाबद्दल जे सहज बोललं जातं त्यातलं काही तुझ्या तोंडी कधी नको. मलिक अंबर आफ्रिकेतूनच आला होता, आणि छत्रपती संभाजीनगरची, तेव्हाच्या खडकीची, उभारणी त्याने केली. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. पूल, हद्द आणि गणवेशातले लोक यांचे तर मुळीच नको.

धबधब्याला तिथले लोक ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणतात, गर्जणारा धूर. रुंदी १७०० मीटरहून जास्त. मे महिन्यात मी नखशिखांत भिजले होते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री उद्यान उघडं ठेवलं होतं. चंद्र पाठीशी घेऊन उभी राहिले तर तुषारांवर पांढुरकी कमान उमटली, चांदण्याचं इंद्रधनुष्य. रंग अगदी पुसट, नजर सरावली तेव्हा कडेला जरासा तांबूस दिसला. तू कालनिर्णयात ज्येष्ठ पौर्णिमा बघ आणि त्या तारखेच्या आधी दोन दिवस लिव्हिंगस्टनला पोचशील अशा बेताने तक्ता पुन्हा मांड. खोडलेल्या देशांच्या जागा कोऱ्याच राहू देत.

मकाम्बाकोच्या थंडीसाठी माझी ती तपकिरी शाल घेऊन जा. एका टोकाला चहाचा डाग आहे, तो धुऊन गेला नाही. रविवारी सकाळी घरी ये, तक्ता घेऊनच ये. तोवर लसीची तारीख घेऊन ठेव.

तुझी,
बाई