जांघेतून नळी, इलाज लिव्हरचा

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे ६६ वर्षांचे आहेत, हिपॅटायटिस बी जुनाच आहे, आता लिव्हरमध्ये कॅन्सरच्या दोन गाठी निघाल्यात, मोठी साडेसहा सेंटिमीटरची. सर्जन म्हणाले ऑपरेशन जमणार नाही, 'टेस' करून घ्या. जांघेतून नळी घालून लिव्हरमध्ये केमो सोडतात म्हणे. केमोचं नाव काढलं की सासूबाई केस जातील म्हणून रडायलाच लागतात. हे एकदाच करावं लागतं का, आणि यातून ते बरे होतील का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, केसांची काळजी आधी सोडा. सलाइनमधून दिलेली केमो अंगभर फिरते, इथं बहुतेक औषध गाठीतच अडकवून ठेवतात त्यामुळे केस सहसा जात नाहीत. लिव्हरला दोन वाटांनी रक्त येतं, साधारण ७५ टक्के आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून, बाकीचं धमनीतून, पण ही गाठ मात्र जवळपास सगळं धमनीतूनच ओढते. ठिबकची एकच नळी बंद केली की तेवढंच झाड सुकतं ना, तसंच.

जांघेत (कधी मनगटात) जागा बधिर करतात, पेशंट जागाच असतो, आणि स्क्रीनवर बघत बघत केसासारखी बारीक नळी गाठीच्या फांदीपर्यंत नेतात. मग डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लिपिओडॉल नावाच्या तेलात घोटून सोडतात, हे लिपिओडॉल खसखशीच्या तेलाचं बनतं बरं का, आपल्या अनारशावरची खसखस तीच. शेवटी जिलेटिनच्या कणांनी ती फांदी बुजवतात.

नंतर चार-सहा दिवस ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, मळमळ होतेच, घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा बाबा गुंगीत बरळायला लागले तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

एकदाच? बहुतेकदा नाही. चार-सहा आठवड्यांनी स्कॅन करतात, गाठ जिवंत दिसली तर परत. आणि स्पष्टच सांगते, यानं कॅन्सर मुळासकट जाईल असं धरून चालू नका, गाठ आवरते, आयुष्य वाढतं. २००२ साली बार्सिलोना आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांनी हे दाखवलं, पण त्यांनी निवडलेल्या पेशंटचं बाकीचं लिव्हर बऱ्यापैकी चालत होतं, खरी मेख तिथंच आहे. सगळे गाठ किती सेंटिमीटरची तेच विचारत बसतात, तुम्ही उरलेल्या लिव्हरचं विचारा. बिलिरुबिन (रक्तातली कावीळ) किती, पोटात पाणी आहे का, पोर्टल व्हेनमध्ये गुठळी आहे का? मुख्य पोर्टल व्हेनच तुंबली असेल आणि वर धमनीही बंद केली तर लिव्हरनं जगायचं कशावर!

बाबांची हिपॅटायटिस बीची गोळी चालू आहे का तेही बघा, नसेल तर टेसच्या आधी डॉक्टरांना सांगा, केमोनंतर व्हायरस उसळी मारू शकतो. आणि सासूबाईंची, तुमच्या मिस्टरांची एचबीएसएजी टेस्ट (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) झालीय का? नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, तुमचीही.