पीएचपीचा कोड जसाच्या तसा का दिसतो?

प्रश्न : मी घरीच पीएचपी ही वेब-पाने बनवण्याची भाषा शिकत आहे. आपल्याच संगणकावर वेब सर्व्हर चालवण्यासाठीचा झॅम्प हा संच बसवला आहे, पण फाइलवर डबल-क्लिक केले की ब्राउझरमध्ये पान न येता नुसता कोड दिसतो. त्यातला अपाची हा सर्व्हर तर कधी कधी सुरूच होत नाही. काय चुकते आहे?

उत्तर : डबल-क्लिक केल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता ‘फाइल’ या शब्दाने सुरू होतो, हे आपण पाहिले असेलच. याचा अर्थ ब्राउझरने ती फाइल थेट डिस्कवरून उचलली आणि सर्व्हर वाटेत आलाच नाही. एचटीएमएल, म्हणजे पानाची मांडणी सांगणारी भाषा, ब्राउझरला कळते. पीएचपी मात्र आधी सर्व्हरवर चालावे लागते आणि त्यातून निघालेले एचटीएमएल तेवढे ब्राउझरकडे जाते. म्हणून फाइल झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवा आणि पत्त्यात लोकलहोस्ट, तिरपी रेघ व फाइलचे नाव लिहा. लोकलहोस्ट म्हणजे आपलाच संगणक, १२७.०.०.१.

अपाची अडते ते बहुधा ८० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्यावर मागण्या ऐकतो ते क्रमांकाचे दार, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने आधीच धरून ठेवल्यामुळे. अशा वेळी एचटीटीपीडी डॉट कॉन्फ या अपाचीच्या सेटिंग्जच्या फाइलमधील ‘लिसन’च्या ओळीत ८० ऐवजी ८०८० लिहून अपाची पुन्हा सुरू करावा, मात्र त्यानंतर पत्त्यातही लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८० लिहावे लागते, आणि नवशिके नेमके तेच विसरतात.