बाइकवरच्या मुलाला केलेला फोन

“मुलगा बाइक काढून बाहेर पडला की तो घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. काय करू?” हा प्रश्न माझ्याकडे आया घेऊन येतात, वडील येतात, नुकतं लग्न झालेल्या मुलीही येतात. त्यातल्या एका घराबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई पन्नाशीच्या. मुलगा तेवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, रोज महामार्गावरून बाइकने ये-जा करणारा. संध्याकाळ झाली की ताईंच्या पोटात गोळा यायचा. “निघालास का? कुठवर आलास?” फोनवर फोन. त्याने उचलला नाही की त्याच्या मित्राला फोन. मधल्या वेळात मोबाइलवर अपघातांचे व्हिडिओ बघायच्या आणि तेच मुलाला पाठवायच्या. घरचे सगळे म्हणायचे, “काही होत नाही, उगाच काळजी करतेस.”

मी तसं म्हटलं नाही, कारण त्यांच्या काळजीला आधार होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे रोज साधारण ४६०. मृतांमध्ये दुचाकीवरचे जवळपास ४५ टक्के, आणि दर तिघांतले दोघे १८ ते ४५ या वयातले. ज्या आईचा मुलगा नेमका या वयात, नेमका दुचाकीवर आहे, तिला “उगाच” म्हणणं मला पटत नाही. “काही होणार नाही” या आश्वासनाचा उपयोगही थोडा वेळच टिकतो. पुढच्या संध्याकाळी तेच पुन्हा ऐकावंसं वाटतं.

पण ही काळजी कशाकशाची आहे, हे एकेक करून विचारत गेले. ताई म्हणाल्या, घाटाची, पावसाची, ट्रकची. मुलाच्या रस्त्यावर घाट नव्हताच. देशभरचं चित्र पाहिलं तर दोनतृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर होतात, आणि बहुतेक अपघात स्वच्छ हवेत. (म्हणून पाऊस निर्धोक ठरत नाही; कोरड्या दिवसांत वाहनंच जास्त असतात. पण रस्ता सरळ आणि मोकळा दिसला की हात ॲक्सिलरेटर पिळतो, हेही खरं.) सत्तर टक्क्यांहून जास्त अपघातांच्या नोंदीत कारण म्हणून अतिवेग लिहिलेला असतो. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. सगळे घरी निघालेले, दमलेले, अंधार पडत आलेला.

हे ऐकून ताई घाबरतील असं वाटू शकतं. उलट त्या सावरून बसल्या. “म्हणजे धरण्यासारखं काहीतरी आहे,” असं म्हणाल्या. ज्याला टोक नाही अशी भीती माणसाला पोखरते. नेमकी भीती असेल तर हाताला काम मिळतं.

पुढच्या वेळी मुलाला बोलावलं. हेल्मेट मांडीवर ठेवून बसला होता. बाहेरून चांगलं वापरलेलं, ओरखडे पडलेलं, पण हनुवटीखालच्या पट्ट्याचं क्लिप नवंकोरं. मी विचारलं, “पट्टा लावत नाहीस का रे?” तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, “मॅडम, पट्टा लावला तर फोन आत सरकवता येत नाही. आईचा फोन उचलला नाही तर ती घर डोक्यावर घेते.”

ताई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्याच्या मांडीवरचं हेल्मेट घेतलं आणि ते क्लिप दोन-तीनदा लावून, काढून पाहिलं.

पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धडकेतच डोक्यावरून निघून जातं आणि डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा ते तिथे नसतंच. शिवाय फोन घेताना एक हात आणि निम्मं लक्ष गाडीवर नसतं. मी ताईंना दोष दिला नाही. काळजीचं असं होतं: चैन पडावी म्हणून जे करतो, त्यातूनच धोका वाढत जातो आणि आपल्याला कळतही नाही.

मग दोघांनी मिळून ठरवलं. निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक मेसेज, मधे फोन नाही. आला तरी त्याने उचलायचा नाही. फारच गरज वाटली तर बाजूला थांबून बोलायचं. रहदारीसाठी अर्धा तास जास्तीचा धरायचा, त्यानंतरच चौकशी. पट्टा गाडी सुरू करण्याआधी.

मी एक गोष्ट जोडली. “जेवण गार होतंय, लवकर ये” हे वाक्य बंद. आपल्याला ते मायेचं वाटतं, पण बाइकवरच्या मुलाच्या कानात फक्त “लवकर” उरतं. वेग ४० वरून ६० वर गेला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं. “सावकाश ये, उशीर चालेल” म्हणायचं आणि उशीर झाला तर खरंच रागवायचं नाही. हा दुसरा भाग ताईंना पहिल्यापेक्षा अवघड गेला.

मुलानेही आपली बाजू मांडली. “आई माझ्यामागे बसते तेव्हा हेल्मेट घालत नाही. म्हणते, मी तर मागे बसते, मला कशाला?” २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. कायद्यानेही दोघांना हेल्मेट लागतं. ताईंनी मान्य केलं, मनापासून नाही, पण केलं.

“आणि झालंच काही, तर? पोलिसांच्या भीतीने कोणी हात लावणार नाही.” हे त्यांच्या मनात खोल बसलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४ ए हे कलम आलं आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ११२ किंवा १०८ कोणीही लावू शकतं. मुलाने तिथेच फोनच्या लॉक स्क्रीनवर आईचा नंबर आणि स्वतःचा रक्तगट टाकला.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. फोन करायचा नाही म्हटलं की अस्वस्थता चढत जाते, छाती धडधडते. पण चढते तशी ती आपोआप उतरतेही, आणि हे प्रत्येकाला स्वतःच अनुभवावं लागतं. त्या वेळात ताई व्हिडिओ न बघता शेजारणीबरोबर चालायला जाऊ लागल्या. आजही सातच्या सुमाराला त्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं. ते जाणारच, आणि मी ते थांबवायला निघालेही नव्हते.

तुमच्या घरात अपघात प्रत्यक्ष घडून गेला असेल, महिना उलटूनही तो प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, झोप उडाली असेल, रस्त्यावर पाऊल टाकवत नसेल, तर मात्र एवढं पुरणार नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच जाणं जमत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.