ई सेव्हन आला की सूर खटकतो, त्या भाऊंसाठी

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि बारा वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांसमोर आलो. गिटारच्या साथीत ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन अशा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) चालू आहेत, वरून ए मायनर पेंटॅटोनिक (पाच सुरांची स्केल, म्हणजे सुरांची मालिका) छान जमतं, पण ई सेव्हन आला की हात परक्या घरात शिरल्यासारखा वाटतो. आणि आता कोणीतरी तुम्हाला प्रत्येक कॉर्डसाठी वेगळा मोड (त्या कॉर्डवर चालणारी स्केल) पाठ करायला सांगितला आहे. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. पेंटॅटोनिकच्या पाचही पोझिशन (गिटारच्या दांडीवरच्या जागा) तुम्हाला येतात असं धरून लिहितो.

मी काही कलाकार नाही. वावर सांभाळून वाजवतो. दुसऱ्या कोणाला दुसरी वाट जमली असेल, तर तीही खरीच.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या आत. एका वर्षी कापसाचे पैसे हातात आले आणि मी नागपूरच्या एका क्लासला नाव घातलं. दर रविवारी पहाटेची एस्टी, परत यायला रात्र. पहिल्याच दिवशी हातात एक तक्ता दिला: बी हाफ-डिमिनिश्डवर लोक्रियन, ई सेव्हनवर आल्टर्ड, ए मायनरवर डोरियन, अशी मोडची नावं. अकरा महिने मी तो तक्ता घोटला. तक्ता चुकीचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण १४० च्या लयीत चार मात्रांचा एक बार पावणेदोन सेकंदांत संपतो. तेवढ्यात स्केलचं नाव आठवायचं, हात नव्या जागी न्यायचा आणि प्रत्येक स्केल तिच्या पहिल्या सुरापासून सुरू करायची. मग कॉर्ड बदलते त्या क्षणी बोटाखाली कोणता सूर येईल याचा काही नेम नाही. मी विचारलं, ‘सर, थांबायचं कुठं?’ उत्तर मिळालं, ‘फील येईल हळूहळू.’ अकरा महिन्यांत एकदाही कोणी मला ई सेव्हनचे चार सूर सुटे वाजवायला लावले नाहीत. पैशाचं दुःख कमी आहे. आपला कानच खराब आहे असं मी जवळजवळ दोन वर्षं मानून बसलो आणि गिटार खोळीत ठेवली, ते अजून लागतं.

उलगडा झाला तो गावच्या खंजिरी भजन मंडळात. तिथले पेटीवाले काका एकदा माझं वाजवणं ऐकत बसले होते. म्हणाले, ‘पोरा, तुझी साथ किरवाणीची चालली आहे, मग तू निषाद कोमल काऊन लावतोस?’

सगळं एवढंच आहे. ए ला सा धरा. किरवाणी रागात गंधार आणि धैवत कोमल, निषाद शुद्ध. म्हणजेच हार्मोनिक मायनर: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी शार्प. ई सेव्हनचे सूर ई, जी शार्प, बी, डी. त्यातला जी शार्प हाच तो शुद्ध निषाद. पेंटॅटोनिकमध्ये तुम्ही जी दाबता आणि मागची साथ जी शार्प वाजवते. तुम्हाला खटकतं ते तिथं. (मुद्दाम जी लावणारे आहेत आणि तो सुंदरही लागतो, पण त्यातून बाहेर कसं पडायचं हे ठाऊक असेल तर.)

म्हणून माझं ठाम मत: सहा महिने एकच किरवाणी धरा आणि स्केलपेक्षा सांधे, म्हणजे कॉर्ड बदलतानाच्या जागा, घोटा. बी हाफ-डिमिनिश्डवर ए धरा, ई सेव्हन येताच एक फ्रेट (दांडीवरचं एक घर) खालच्या सुराकडे, जी शार्प. ई सेव्हनवर डी धरा, ए मायनर येताच दोन फ्रेट खाली सी. ई सेव्हनवर एफ लावून ई वर उतरलात की जॅझचा रंग आपोआप येतो. आणि डी मायनर सिक्स व बी हाफ-डिमिनिश्ड यांचे चारही सूर तेच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी पाठांतरं नकोत. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांची १९३७ ची ‘मायनर स्विंग’ ऐका. १९२८ च्या आगीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली होती, तरी कॉर्डचे सूर कसे नेमके लागतात बघा.

शेवटच्या ए मायनरवर मात्र कान उघडा ठेवा. मागं मायनर सिक्स असेल तर धैवत शुद्ध करा, पटदीपचे सूर होतात. जॅझवाले त्यालाच मेलोडिक मायनर म्हणतात आणि चढताना-उतरताना तेच सूर ठेवतात. मायनर सेव्हन बराच वेळ चालला तर काफीचे सूर, म्हणजे डोरियन. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत हे मला मान्य आहे. इथं फक्त ओळखीसाठी नावं घेतली.

मोडचा तक्ता खरा कामाला येतो तो कॉर्ड ठाण मांडून बसते तिथं. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘सो व्हॉट’मध्ये ३२ बारांपैकी पहिले १६ डी डोरियन, मग ८ ई फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ डी. तिथं निवांत मोड फिरवा. आल्टर्ड शिकायचीच असेल तर ई सेव्हनवर एफ मेलोडिक मायनर वाजवा, पण नंतर. त्याआधी जी शार्प, बी, डी, एफ हा डिमिनिश्डचा आकार तीन-तीन फ्रेट सरकवून बघा, सूर तेच राहतात.

आणखी एक, विचारलं नाही तरी सांगतो. मे महिन्यात आपल्याकडची कोरडी हवा लाकूड आकसवते, फ्रेटची टोकं बोटाला लागतात. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, पिळलेला स्पंज घालून तो केसमध्ये ठेवा. गिटार टिनाच्या खोलीत उघडी ठेवू नका. आणि लाइनीचा भरवसा नसतो, म्हणून साथीचे ट्रॅक मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. ६० च्या लयीपासून सुरू करा, आठवडाभर फक्त ए वरून जी शार्पवर उतरा आणि रेकॉर्ड करून इथं टाका. मी नक्की ऐकेन.